वरचं कोठार

आमच्या घरात डबा उलटा दिसला की समजायचं, त्यातलं संपलं. ही रीत मामंजींची. माझे सासरे इथल्या डोंगरातल्या राष्ट्रीय उद्यानाचे कोठीवाले होते. सगळी नोकरी त्यांनी खिंडीतलं लाकडी कोठार भरण्यात घालवली आणि निवृत्त झाल्यावर तिथली शिस्त माझ्या स्वयंपाकघरात आणली. साखर संपली, डबा धुऊन-पुसून जागच्या जागी उलटा. मीठ संपलं, उलटा. मी नवी नवरी होते तेव्हा पाहुण्यांसमोर फडताळातले निम्मे डबे डोक्यावर उभे बघून मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"मामंजी, साखर आणायचीय असं तोंडाने सांगा ना," मी म्हणायचे. "त्या बिचाऱ्या डब्याला कशाला शिक्षा?"

"सांगणारा घरात नसला तर?" ते म्हणायचे.

वरच्या कोठारात सांगणारा कधीच नसायचा, म्हणून ही रीत. कोठार म्हणजे चार खांबांवर उभी केलेली ओंडक्यांची एक खोली. खांबांना पत्रा गुंडाळलेला, चढू बघणाऱ्या जनावरांची नखं घसरावीत म्हणून. शिडी लावून ठेवायची नाही, शेजारच्या झाडाला आडवी टांगायची. जनावर शिडी चढतं, पण टांगलेली शिडी काढून लावण्याइतकं अजून शहाणं झालेलं नाही. दाराला कुलूप नव्हतं, नुसती लाकडाची खुंटी. बर्फात अडकलेला कोणीही, गार्ड असो, वाट चुकलेला पाहुणा असो नाहीतर चोरटा शिकारी असो, त्याने वर चढावं, शेगडी पेटवावी, खावं आणि झोपावं. विचारणारं कोणी नाही.

नियम दोनच होते. रिकामा केलेला डबा उलटा ठेवायचा, म्हणजे मागून येणाऱ्याची झाकणं उघडण्यात ताकद जात नाही आणि भरणाऱ्याला काय आणायचं ते कळतं. आणि घेतलंस तर ठेव. कोठार अगदी रिकामं सोडून जायचं नाही, खिशात जे असेल ते एका डब्यात घालायचं आणि तो डबा सुलटा ठेवायचा. अशा सुलट्या डब्यांत मामंजींना मेणबत्तीचे तुकडे मिळाले, सुईदोरा मिळाला, एकदा चक्क कुणाची तरी कवळी मिळाली. ती ठेवून जाणाऱ्याने पुढे काय खाल्लं असेल, हा त्यांचा ठेवणीतला विनोद. प्रत्येक लग्नकार्यात आम्ही तो ऐकलाय.

मीही कोठीवालीच, पण खालच्या नव्या कोठाराची. कार्यालयामागे ती लांबलचक इमारत दिसते ना, थंडी-ऊन आत येऊ न देणाऱ्या जाड भिंतींची, वर-खाली होणाऱ्या शटरची, ती माझी. दाराच्या तळाला उंदरांसाठी ब्रशची पट्टी, आत रुळांवर सरकणारे रॅक, हवेतला ओलावा शोषणारं एक यंत्र, जे दिवसभर घोरतं. खाण्याचं सामान एकीकडे, रॉकेल आणि औषधं दुसरीकडे. साबण नि टूथपेस्ट वेगळ्या लोखंडी पेटीत, कारण वासाला जनावर येतं आणि त्याला साबण आणि खाऊ यातला फरक कळत नाही. त्या पेटीची कडी एका झडपेच्या आत आहे, माणसाची बोटं जातात, पंजा जात नाही. नवीन गार्डांपैकी निम्म्यांना ती पहिल्या दिवशी उघडत नाही. मी काही बोलत नाही, पण मनात नोंद होते.

आमच्या उद्यानात जुन्या सगळ्याच इमारतींचे व्यवसाय बदललेत. ज्या बर्फघरात भुशात गाडून बर्फाच्या लाद्या ठेवत तिथे आता तिकीटखिडकी आहे. रस्ता फोडायची सुरुंगाची दारू जिथे ठेवत तिथे पाहुण्यांचं स्वच्छतागृह आहे. तेव्हा वरच्या कोठाराची पाळी कधीतरी येणारच होती. गेल्या पानगळीत आली. ऐतिहासिक वास्तू म्हणून ते जतन करायचं ठरलं आणि शहरातून एक देखावेवाला आला, संग्रहालयांचे देखावे उभे करणारा. सभ्य माणूस. त्याचा नियम साधा होता, जपायच्या इमारतीत खरं अन्न ठेवायचं नाही. अन्नाला उंदीर येतात, उंदरांमागे किडे येतात आणि दोघे मिळून लाकूड खातात. उंदरांच्या धास्तीने मीही दाराला ब्रश लावलाय, त्यामुळे मला त्याच्याशी भांडताही येत नाही.

त्याने जुने डबे काढले, तसेच नवे बनवून आणले, त्यांवर जुन्या अक्षरांत तांदूळ, डाळ, पीठ असं रंगवलं, आणि वाऱ्याने पडू नयेत म्हणून आत वाळू भरली. धुरांड्यात पाखरं घरटी करतात म्हणून धुरांडं बुजवलं. शेगडीचं तोंड वेल्डिंग करून बंद केलं. सरपणाला वाळवी लागते म्हणून सिमेंटच्या ढलप्या केल्या आणि त्या इतक्या हुबेहूब रंगवल्या की सुतारपक्ष्यानेही फसावं. आधीचं धान्य त्याच्या माणसांनी परस्पर खेचरांना घातलं, माझ्याकडे एक दाणा आला नाही. हे सगळं प्रदर्शनासाठी आहे असं सांगणारी पाटी त्याने उद्घाटनानंतर नियमाप्रमाणे लावली, शिडीच्या पायथ्याशी, गुडघ्याएवढ्या उंचीवर. हिवाळ्यात तिथे छातीएवढं बर्फ असतं, हे शहरातल्या माणसाला कुठून कळणार?

फीत कापायला मामंजींना बोलावलं होतं. शेवटचे कोठीवाले म्हणून शाल, टाळ्या, फोटो. आत दोरी लावली होती, दोरीपलीकडे जायचं नाही. दोरीच्या अलीकडून त्यांनी बघितलं, फडताळं गच्च, सगळे डबे सुलटे. घरी आले ते हवेतच.

"माझ्या अख्ख्या नोकरीत कधी इतकं भरलेलं नव्हतं," ते माझ्या नवऱ्याला म्हणाले. "एक डबा उलटा नाही. मानलं पोरांना."

वाळूचं त्यांना काय, आम्हालाही कोणी सांगितलं नाही; ते सगळं मला मागाहून, चौकशीत कळलं. बाहेरच्यांना वाटलं, यात सांगायचं काय. आणि आमच्यातल्या कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं की सुलटा डबा खोटं बोलेल. मामंजींच्या मागे दर पानगळीत कोठार माझा नवरा भरायचा, तोही उद्यानातलाच गार्ड. त्या वर्षी त्याने भरलं नाही. भरलेलंच होतं ना.

हिवाळ्यात खिंडीतलं बर्फ मोजायचं यंत्र बंद पडलं आणि त्याची बॅटरी बदलायला तो निघाला. मी नेहमीसारखी खाण्याची पाकिटं काढून टेबलावर ठेवली. त्याने बॅटरी पाठपिशवीत घातली, वजन करून बघितलं आणि पाकिटं माझ्याकडे परत सरकवली.

"ही धोंड पाठीवर, वर हे कशाला? अडकलोच तर वर बाबांचं कोठार आहे की."

मी पाकिटं परत रॅकवर ठेवली. निघताना त्याने घरातल्या बरणीतल्या उरलेल्या लिमलेटच्या गोळ्या खिशात ओतून घेतल्या होत्या आणि बरणी उलटी करून ठेवली होती. गोळ्यांचं त्याला वेड होतं. धुवायच्या कपड्यांतून मी लग्नापासून चिकट कागद वेचत आलेय.

वर वारा सुटला आणि थांबेना. त्याचा घोटा मोडला होता. मोडक्या पायाने तो कोठारापर्यंत गेला, शिडी काढली, लावली, वर चढला. एवढं कळलं, कारण तो तिथेच मिळाला. वारा पडल्यावर दुसरीकडचं हेलिकॉप्टरवालं पथक आलं आणि त्याला खाली घेऊन आलं. चौकशी होईपर्यंत कोठाराला सील लागलं आणि आमच्यापैकी कोणी वर गेलं नाही.

उद्यानाचे साहेब घरी भेटायला आले होते. चांगला माणूस आहे, पण सांत्वन करायची अक्कल देवाने त्याला दिलेली नाही. ते म्हणाले, "पथकवाले सांगत होते, आत सगळं सामान अस्ताव्यस्त होतं. वाळू सांडलेली, एक स्टूल जाळलेलं. अति थंडीत माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही. काय करतोय ते त्याला कळत नसणार. म्हणजे यातनाही कळल्या नसणार. तेवढंच समाधान."

मामंजी तिथेच बसले होते. मी चहाचे कप उचलले.

त्या दिवसापासून मामंजींचा एकच प्रश्न. मी कामावरून आले, चहा टाकला, की स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहायचे.

"शुद्धीवर होता का गं तो?"

"मला कसं माहीत असणार, मामंजी?"

"शुद्धीवर असेल तर मला शिव्या घातल्या असतील. एकेक झाकण उघडताना घातल्या असतील. भरलंय म्हणून मीच सांगितलं होतं." मग म्हणायचे, "घातल्या तर घातल्या. घालू देत. पण शुद्धीवर असावा. माझं पोर वेडंपिसं होऊन वाळूत हात घालत मेलं, हे मला..." मी चहा गाळायचे.

माझं म्हणाल तर मला काही होत नव्हतं. खरंच. दाताच्या दवाखान्यात सुई दिल्यावर गाल असतो ना, आपलाच असतो पण आपला नसतो, तशी मी सगळीच्या सगळी झाले होते. कामावर जात होते, रॅक सरकवत होते, दोर आणि कंदील देत-घेत होते. जेवणाला चव लागत नव्हती. आमटीत मीठ दोनदा पडलं तरी मला कळायचं नाही, मामंजी मुकाट्याने पाणी पीत जेवायचे. नणंदेचा दर रविवारी फोन यायचा. पहिला प्रश्न ठरलेला. "वहिनी, रडलीस का?" जसं काही औषधाचा डोस घेतलास का. "नाही गं," मी म्हणायचे. "मग कधी रडणार?" असं ती रडत रडत विचारायची. तिच्या वाटचं आणि माझ्या वाटचं असं दोघींचं ती एकटीच उरकत होती.

बर्फ वितळलं, गवत आलं, चौकशी संपली. दोष कुणाचाच निघाला नाही आणि मला वाटतं नव्हताच. साहेबांनी मला बोलावून घेतलं. वरच्या कोठाराला आता कुलूप घालायचं, डबे खाली आणून माझ्या कोठारात ठेवायचे, पाहुण्यांना बाहेरूनच दाखवायचं असं ठरलं होतं. देखावेवाला त्याच्या वस्तू ताब्यात द्यायला येणार होता. ताब्यात घेणारी मी.

"तुम्हाला जमणार नसेल तर दुसऱ्या कुणाला पाठवतो," साहेब म्हणाले.

"कोठार माझं आहे. मीच जाते," मी म्हणाले. न जमण्यासारखं मला त्यात काही वाटलं नाही, आणि तेच मला जरा विचित्र वाटलं.

मी वर जाणार हे कळल्यावर मामंजी त्या संध्याकाळी चहाला आलेच नाहीत. सकाळी मी बूट घालत होते तेव्हा काठी टेकत आले.

"नीट बघून ये," ते म्हणाले. "पथकवाल्यांना काय कळतंय कोठारातलं? तुला कळेल. वाईट असलं तरी सांग. मला लहान पोरासारखं समजावू नकोस."

"सांगेन," मी म्हणाले.

वर निघालो तेव्हा आमच्याबरोबर रेडिओ होता. रेडिओ म्हणजे आमचा एक गार्ड, माझ्या नवऱ्याचा जोडीदार. खरं नाव आता पगाराच्या दिवशीच ऐकू येतं. तोंड एकदा सुरू झालं की बंद करायची कळ सापडत नाही म्हणून रेडिओ. खिंडीपर्यंत त्याने देखावेवाल्याला अस्वलांच्या, वादळांच्या आणि स्वतःच्या मेव्हण्याच्या गोष्टी सांगितल्या. माझ्याशी मात्र तो हिवाळ्यापासून हवापाण्याखेरीज बोलत नव्हता. मी काही मनावर घेतलं नाही. मनच हजर नव्हतं.

शिडी झाडाला नव्हती, कोठाराला लावलेली होती. माझा नवरा चढून गेल्यावर ती टांगायला खाली कोण होतं, आणि पथकवाल्यांना ही रीत कुठली ठाऊक? पाटी आता गवतात स्पष्ट दिसत होती. "प्रदर्शनासाठी." रेडिओने ती वाचली आणि दुसरीकडे बघितलं.

देखावेवाला तरातरा पुढे गेला, सील काढलं आणि आत शिरला. मी शिडीच्या मधल्या पायरीवर होते तेव्हा त्याचा आवाज आला.

"अरेरे, काय अवस्था करून ठेवलीय ही! थांबा, मी जरा नीट लावतो, मग मोजून घ्या."

मी वर पोचले, डोकं आत घातलं. उजेड दारातूनच येत होता. खाली थोडी वाळू सांडलेली, बंद शेगडीपुढे जळक्या स्टुलाचे पाय. आणि समोर फडताळ.

सगळे डबे उलटे होते.

पडलेले नव्हते. ओळीत उभे होते, एकाला एक लागून, काठ फळीच्या काठाशी जुळवून, जसे मामंजी ठेवतात आणि जसे माझा नवराही घरी ठेवायचा. झाकण काढून, आत बघून, झाकण परत घट्ट दाबून, वाळू सांडू न देता डबा उलटा. तांदूळ उलटे, डाळ उलटी, पीठ उलटं. वरच्या फळीवरचे सुद्धा. मोडक्या घोट्यावर उभं राहून त्याने वरची फळी कशी केली असेल ते मला माहीत नाही.

देखावेवाल्याने एक डबा उचलला आणि सुलटा केला.

"हात लावू नका!"

आवाज इतका मोठा होता की मीच दचकले. हिवाळ्यापासून मी कुणावर ओरडले नव्हते. देखावेवाला डबा हातात धरून तसाच उभा राहिला. खालून रेडिओने विचारलं, "काय झालं गं?"

"वर ये," मी म्हणाले.

रेडिओ वर आला. त्याने फडताळ बघितलं. तो दाराच्या उंबऱ्यावर बसला. पथकवाल्यांना आणि साहेबांना जे अस्ताव्यस्त दिसलं ते आम्हा दोघांना लख्ख वाचता येत होतं. यात काही नाही. यातही नाही. पुढच्या माणसा, ताकद वाया घालवू नकोस.

"थंडीने भ्रम होतो ना माणसाला," देखावेवाला हळू आवाजात म्हणाला. माझ्या आवाजाचं त्याने वाईट वाटून घेतलं नव्हतं. "मी वाचलंय. काहीतरी एकच गोष्ट करत बसतात."

"भ्रम नाही," रेडिओ म्हणाला. "रीत आहे आमची." रेडिओचं इतकं छोटं बोलणं मी पहिल्यांदाच ऐकलं.

मग मला खालच्या फळीचं टोक दिसलं. तिथे तीन डबे सुलटे होते.

"यातले तुम्ही किती केले?" मी देखावेवाल्याला विचारलं.

"आत्ता? हा हातातला, आणि त्याआधी ते दोन."

"कोणते दोन?"

त्याने बोट दाखवलं. साखर आणि चहा.

"आणि हे मीठ?"

"ते असंच होतं. तेवढा एकच बरोबर होता."

मी त्याच्या हातातला डबा घेऊन उलटा ठेवला. साखर उलटी केली, चहा उलटा केला. मग मिठाचा डबा उचलला. इतर डब्यांच्या मानाने तो हलका होता, वाळू काढून टाकलेली होती. आत काहीतरी सरकलं. माझे हात उघडायला गेले आणि थांबले. वाईट असलं तरी सांग, असं मामंजी म्हणाले होते. तो डबा बघण्याचा हक्क पहिला त्यांचा होता.

"हा मी नेते," मी म्हणाले.

"त्याला क्रमांक आहे हो," देखावेवाला म्हणाला. "माझ्या हिशेबात..."

"माझ्याच कोठारात यायचाय ना? मग मीच आणते. बाकीचे आहेत तसेच राहू द्या. मी साहेबांशी बोलेन."

उतरताना रेडिओने दाराला खुंटी लावली आणि शिडी झाडाला टांगली. मग माझ्या पिशवीकडे बघून म्हणाला, "कुलूप दिलं होतं ना साहेबांनी?"

"विसरले आणायला."

कुलूप पिशवीतच होतं, चालताना वाजत होतं.

"तू? विसरलीस?" तो म्हणाला. आणि पुढे चालायला लागला.

घरी पोचले तेव्हा मामंजी स्वयंपाकघरातच बसले होते, चहाची वाट न बघता, नुसते. मी बूट काढले, हात धुतले. डबा त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला, सुलटा.

"बाकीचे?" त्यांनी विचारलं.

"उलटे. सगळे. ओळीत, काठाला काठ लावून. झाकणं दाबून बसवलेली. वरच्या फळीवरचेही."

त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. मी सांगत राहिले, कारण मला तेवढंच येत होतं. वाळू थोडीच सांडली होती, स्टूल जाळलं होतं पण फडताळाच्या फळीला हात लावला नव्हता, हे सांगितलं. फळ्या जाळल्या असत्या तर डबे कशावर ठेवणार, असा विचार त्याने केला असेल, असंही म्हणाले.

"वरच्या फळीवरचेही?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"हो."

"मग शुद्धीवर होता," ते म्हणाले. "शिव्या देणारा माणूस डबे फेकतो गं. मांडत नाही." त्यांनी डोळे पुसले नाहीत, पाणी येऊ दिलं. "शुद्धीवर होता माझा पोरगा. शेवटच्या डब्यापर्यंत."

मग त्यांनी मिठाचा डबा हातात घेतला, कानाशी हलवला आणि चमच्याच्या दांड्याने झाकण उचकटलं. आत प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेली काड्यापेटी होती. आणि एक लिमलेटची गोळी, कागदासकट.

एकच. म्हणजे बाकीच्या त्याने खाल्ल्या होत्या. पुरवून पुरवून खाल्ल्या असतील. आणि ही शेवटची हातात घेऊन तो उपाशी बसला असेल, आणि मग त्याने ती डब्यात ठेवली असेल. कोठार अगदी रिकामं सोडायचं नाही म्हणून.

मला ती गोळी हवी होती. इतके महिने मला काहीच नको होतं, जेवण नको, झोप नको, कुणाचा फोन नको. आणि आता टेबलावर एक गोळी होती आणि ती मला अशी हवी होती की मी हात पुढे केला.

मामंजींनी डब्यावर तळवा ठेवला.

"ही आपली नाही," ते म्हणाले. "मागून येणाऱ्याची आहे."

"मामंजी, माझा नवरा होता तो."

"आणि माझा मुलगा होता." त्यांचा आवाज कठोर नव्हता. "पण त्याने ती आपल्यासाठी नाही ठेवली. आपल्यासाठी ठेवली असती तर खिशात ठेवली असती."

मी उभीच राहिले. मला त्यांचा राग आला. चांगला सणसणीत राग, डोक्यापासून पायापर्यंत. आयुष्यभर त्या डब्यांचं कौतुक, त्या डब्यांपायी आमचं घर गेलं, आणि अजून नियम! हे सगळं मी बोलले की नुसतं मनात म्हणाले, मला आता आठवत नाही. बोलले असणार, कारण मामंजी माझ्याकडे बघत राहिले, आणि मग त्यांनी तळवा बाजूला घेतला.

"घ्यायची असेल तर घे," ते म्हणाले. "घेणाऱ्याला कोठार कधी नाही म्हणत नाही. पण घेतलंस तर ठेव."

मी फडताळाशी गेले. साखरेचा डबा सुलटा होता, त्यातली साखर पिशवीत ओतून बांधली. चहाची पूड बांधली. दोन मेणबत्त्या घेतल्या. सगळं त्या मिठाच्या डब्यात दाबून भरलं, काड्यापेटी वर ठेवली. मामंजींनी झाकण बसवलं आणि मुठीने ठोकून घट्ट केलं. त्याने परत केलेली खाण्याची पाकिटं अजून माझ्या रॅकवर होती, ती उद्या घ्यायची असं मी मनात ठरवलं. तांदूळ, डाळ, पीठही घ्यायचं. साहेब काय म्हणतील ते म्हणोत, देखावेवाल्याच्या उंदरांचंही बघू. खांबांना पत्रा उगाच नाही गुंडाळलेला.

"शेगडी फोडून मोकळी करावी लागेल," मामंजी म्हणाले. "आणि धुरांडं."

"रेडिओला सांगते."

आमच्या साखरेचा डबा मी धुतला, पुसला आणि जागेवर उलटा ठेवला. मग टेबलाशी बसले आणि गोळीचा कागद सोडवला. तो चिकटला होता, नखाने सुटा करावा लागला. मामंजी खिडकीबाहेर बघत होते, मला एकटीला खाता यावी म्हणून.

गोळी आंबट होती. जिभेला, गालाला, कानामागे झिणझिण्या येतील इतकी आंबट. मी ती चघळली नाही. होईल तितका वेळ तोंडात धरून ठेवली, आणि ती विरघळत असताना मी रडत होते.